मदत हवी आहे: टुंड्रातील झुडपांमुळे गोठलेली जमीन जास्त वितळते की कमी?

नमस्कार,

तापमानवाढ आणि टुंड्रातील झुडपे या विषयावर मी सर्वसामान्य वाचकांसाठी एक दीर्घ लेख लिहीत आहे, आणि त्यातील एका मुद्द्यापाशी माझे अडले आहे. वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र किंवा हिमप्रदेशांचा अभ्यास असलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

झुडपे वाढत आहेत, याबद्दल मला शंका नाही. उत्तर अलास्कात १९४० च्या दशकात विमानातून टिपलेली छायाचित्रे आणि त्याच जागांची सुमारे पन्नास वर्षांनंतरची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर नदीखोऱ्यांत व उतारांवर अल्डर, विलो आणि खुजा बर्च या झुडपांची दाटी वाढलेली साध्या डोळ्यांनाही दिसते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, तेव्हा यात नवल नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: वाढलेले झुडूप आपल्या मुळांखालच्या कायम गोठलेल्या जमिनीचे काय करते?

हिवाळ्यापुरता विचार केला, तर ते तिला उबदार ठेवते. वाऱ्याबरोबर वाहत जाणारा भुसभुशीत बर्फ फांद्यांत अडकतो, त्याचा जाड थर जमिनीवर गोधडीसारखा पसरतो आणि खालच्या मातीतील सूक्ष्मजीव ऐन थंडीतही थोडेफार काम करत राहतात. त्यातून मोकळे होणारे नायट्रोजन झुडपांच्या वाढीला उपयोगी पडू शकते. वसंतात बर्फाबाहेर डोकावणाऱ्या गडद फांद्या ऊन शोषतात, त्यामुळे आजूबाजूचा बर्फही लवकर वितळतो.

उन्हाळ्यात मात्र चित्र उलटे दिसते. ईशान्य सायबेरियातील कितालिक येथे काही तुकड्यांवरील खुजा बर्च मुद्दाम कापून टाकला, तेव्हा सावली गेलेली जमीन शेजारच्या न कापलेल्या जमिनीपेक्षा खोलवर वितळली. पुढे काही वर्षांतच ती खचली, खळग्यांत पाणी साचले आणि तेथून मिथेन बाहेर पडू लागला. हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण झुडूप जमिनीचे रक्षणही करते, हे त्यातून थेट दिसते.

माझा अंदाज असा की, निर्णायक गोष्ट झुडपाची उंची असावी: जमिनीलगत पसरणारा बर्च सावली देतो, पण बर्फ फारसा साठवत नाही, तर उंच अल्डर आणि विलो दोन्ही करतात. हा तर्क बरोबर आहे का? ओलाव्याचा वाटाही मोठा असणार. खोडांतील वार्षिक वलयांच्या अभ्यासात उष्ण उन्हाळ्याचा फायदा ओलसर ठिकाणी अधिक दिसतो, तर पश्चिम ग्रीनलंडच्या कोरड्या भागात पाण्याअभावी वाढ मंदावल्याचेही आढळले आहे. (रेनडिअर आणि कस्तुरी बैल यांच्या चरण्याचा परिणाम मी लेखात वेगळा घेतला आहे.)

त्यामुळे मला अशी निरीक्षणे हवी आहेत, ज्यांत झुडपाखालच्या आणि लगतच्या उघड्या जमिनीचे तापमान वर्षभर, एकाच खोलीवर नोंदवले आहे. उन्हाळ्याअखेरीस मोजलेली वितळलेल्या थराची जाडी पुरेशी ठरणार नाही, कारण त्या एका आकड्यात हिवाळ्याची ऊब आणि उन्हाळ्याची सावली वेगवेगळी ओळखता येत नाही.