मदत हवी आहे: भाऊ मांडुळाच्या कोटींच्या नादाला लागलाय

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीची. धाकट्या भावाबद्दल लिहितेय, तातडीचं आहे.

त्याचा ट्रक खाणीवर होता. 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून बस्तान नीट बसलेलं नाही आणि कर्ज तसंच आहे. आता कुणा एजंटाने त्याच्या डोक्यात भरवलंय की अडीच किलोच्या वरचं मांडूळ (दुतोंड्या म्हणतात तो साप) दिलं तर 'पार्टी' कोटीत पैसे मोजते. घोरपडीलाही गिऱ्हाईक आहे म्हणे. रात्री टॉर्च घेऊन बागायतीत फिरतो. काल पडवीतल्या झाकलेल्या पिंपात साप दिसला! एजंट 'टेस्टिंग'चे पैसे आगाऊ मागतोय आणि हा आईच्या पाटल्या मोडायला निघालाय.

हा भाव खरा असतो का? आणि साप सोडवायचा तर भाऊ न अडकता कसा? तो मनाने वाईट नाही हो.

प्रतिसाद १
ताई, मी फोंड्याला साप पकडून वन खात्याकडे देतो. भाव खोटा आहे. मांडुळात इरिडियम हा महागडा धातू असतो, मांडूळ गुप्तधन दाखवतं, या सगळ्या थापा. दुसरं तोंड म्हणतात ती नुसती बोथट शेपूट. उंदीर खाणारा बिनविषारी साप तो! 'पार्टी' कधीच समोर येत नाही. वजन कमी भरलं, रंग जमला नाही, असं सांगत दर वेळी थोडे पैसे काढतात. कमावतो तो एजंट, तेही तुमच्या भावासारख्यांकडून. वजन वाढवायला सापाला छर्रे भरवतात, पारा टोचतात. बिचारा तडफडून मरतो.

टोके पालीचंही असंच. ती एड्सवर औषध आहे अशी आवई उठली आणि 2011 मध्ये फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला लोकांना सावध करावं लागलं. घोरपडीचं तर विचारूच नका: 'हत्थाजोडी' मुळी म्हणून विकतात ते नराचं वाळवलेलं लिंग असतं. घुमट या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, त्यालासुद्धा आता बकऱ्याचं लावतात. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, शिक्षा 3 ते 7 वर्षं.

प्रतिसाद २
आधी पाटल्या ताब्यात घ्या. साप हाती आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून आजच फोन करा. गुन्हा होणारच नाही असं वचन कुणी देऊ शकत नाही, पण स्वतःहून कळवलेलं बरं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो, त्यांना विचारूनच भावाला बोलू द्या. साप गाडीवरून कुठे नेऊ नका, फॉरेस्टवाल्यांना घरी बोलवा.

धागाकर्ती
फोन केला, माणसं येतायत. भावाने एजंटाला थोडे पैसे आधीच मोबाईलवरून पाठवलेत, हे आता कळलं. ते कुठे सांगायचं?

प्रतिसाद २
लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकतात. एजंटाचे मेसेज पुसू देऊ नका.