मदत हवी आहे: गुरुजींना कसं सांगू?

भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज खानदेशावर एक प्रश्न टाकतो. काकूंनी उत्तर दिलं, 'नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला आणी आधी धुळ्यात होता.' माहिती अगदी बरोबर. पण निवृत्त गुरुजींनी सगळ्यांसमोर लिहिलं, 'आणि ऱ्हस्व!' नियमाने तेही खरंच, पण काकू तेव्हापासून गप्प. उलट, अजिंठा लेणी जळगाव जिल्ह्यात आहेत असं एकाने ठोकून दिलं (आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात), ते शुद्ध लिहिलेलं म्हणून सुटलं! माझ्या मते माहिती चारचौघांत सुधारावी, वेलांटी खासगीत. अहिराणीत उत्तर देणाऱ्यांना तर हे नियम लावूच नयेत. गुरुजींचा मान राखून हे कळवणारा दोन ओळींचा मेसेज कुणी लिहून द्याल का?