'स्लिप'ला मराठीत काय म्हणावं: घसरण की पिछाडी?

प्रश्न :
थ्री फेज इंडक्शन मोटरवर मराठीत टिपण लिहितो आहे. 'इंडक्शन'साठी 'प्रवर्तन' रुळलेला आहे, रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) तसेच ठेवले तरी कुणाचं अडत नाही. गाडी अडली आहे ती 'स्लिप'पाशी, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर जेवढा राहतो त्यापाशी. 'घसरण' चालेल का?

उत्तर :
माझ्या मते 'घसरण' नको. घसरण म्हटलं की दोन पृष्ठभाग टेकलेले आहेत आणि पकड सुटते आहे, असं डोळ्यांपुढे येतं. पुलीवरून पट्टा घसरतो तसं. इथे स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये हवेची फट असते.

नेमप्लेट वाचली की शब्दाचा अर्थ उलगडतो. स्टेटरच्या तीन वाइंडिंगांतले प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे असतात, म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्र फिरतं. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर ५० हर्ट्‌झवर असेल, तर क्षेत्राचे मिनिटाला १५०० फेरे होतात. नेमप्लेटवर मात्र १४४० आरपीएम असं काहीतरी असतं. हा ६० फेऱ्यांचा फरक, म्हणजे १५००च्या ४ टक्के, ही पूर्ण लोडची स्लिप.

पिंजरा रोटरला, म्हणजे दांड्यांच्या पिंजऱ्यासारख्या रोटरला, बाहेरून वीज दिलेलीच नसते. क्षेत्र त्याच्या दांड्यांना ओलांडून पुढे जातं, तेव्हाच दांड्यांत प्रवाह निर्माण होतो आणि रोटर ओढला जातो. रोटरने क्षेत्राला गाठलं तर ओलांडणं संपलं, प्रवाह संपला, टॉर्कही (फिरवणारा जोर) संपला. लोड वाढला की रोटर आणखी थोडा मागे पडतो, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि वाढीव लोड पेलला जातो. ज्यावर मोटर चालते, त्यालाच दोषाचं नाव कशाला द्यायचं? मी 'पिछाडी' सुचवेन. "पूर्ण लोडला रोटरची पिछाडी ४ टक्के" हे वाक्य कानाला कुठेच खटकत नाही.

आणखी एक मत :
'पिछाडी' आवडला, पण 'घसरण' अगदीच टाकाऊ नाही. हवेच्या फटीतून रोटरला जेवढी शक्ती मिळते, तिचा स्लिपइतकाच हिस्सा रोटरमध्ये उष्णता होऊन जातो. स्लिप ४ टक्के, तर ४ टक्के शक्ती गेली. घसरणारा पट्टाही असाच तापतो. हा अर्थ 'पिछाडी'त येत नाही.

प्रश्नकर्ता :
आणि मोटर सुरू होताना? तेव्हा "१०० टक्के पिछाडी" म्हणायचं?

उत्तर :
हो, बेलाशक. रोटर थांबलेला आणि क्षेत्र पूर्ण वेगात, म्हणजे पिछाडी १०० टक्के. त्या क्षणी रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता पूर्ण ५० हर्ट्‌झ असते. पिछाडी ४ टक्क्यांवर आली की ती २ हर्ट्‌झ उरते. थेट लाइनवर सुरू करताना मोटर पूर्ण लोडच्या साधारण पाच ते सात पट प्रवाह खेचते, तो या मोठ्या पिछाडीमुळेच.

उष्णतेचा मुद्दा रास्त आहे, तो टिपणात वेगळ्या वाक्यात सांगावा. पण 'पिछाडी'च्या बाजूने एक गोष्ट राहिली. हीच मोटर वीजपुरवठ्याला जोडलेली ठेवून बाहेरून १५००च्या वर फिरवली, तर स्लिप उणे होते आणि मोटर उलट वीज परत देऊ लागते. "उणे घसरण" म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कसं समजावणार? 'पिछाडी' घेतला असेल, तर तिथे सरळ लिहिता येतं: रोटरने आघाडी घेतली.