सोलापूरच्या उन्हात सामायिक अंगणाभोवतीची छोटी घरे

प्रश्न: आम्ही काही कुटुंबे सोलापूरजवळ सामायिक अंगणाभोवती प्रत्येकी 300 चौरस फुटांची घरे बांधणार आहोत, 40 अंशांपुढच्या उन्हाळ्यात ती राहण्याजोगी व्हावीत, यासाठी छप्पर कसे असावे?

उत्तर 1: आपल्याकडच्या जुन्या माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, मर्म त्याच्या मातीच्या जाड थरात आहे, कारण दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. स्लॅबच घालणार असाल, तर त्यावर पांढऱ्या चुन्याचा लेप द्यावा. पत्रा मात्र कृपया टाळा.

उत्तर 2: पाण्याचा विचारही आताच व्हावा. एका घराच्या 28 चौरस मीटर (300 चौरस फूट) छपरावर वर्षाचा 550 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 15,000 लिटर पाणी. ते सर्वांच्या एकाच हौदात उतरवावे.

उत्तर 3: सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांची 10,000 घरे सहकारातून उभी राहिली. तुम्हीही आधी गृहनिर्माण संस्था नोंदवा आणि अंगण तिच्याच नावे ठेवा.