मदत हवी आहे : ग्रंथालयातील नवोदितांसाठी विकिपीडिया संपादन कार्यशाळा

आमच्या ग्रंथालयात विकिपीडियावर कधीही संपादन न केलेल्या वाचकांसाठी तीन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. त्यासाठी अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मागील प्रयत्नात पहिला तास सदस्यखाती उघडण्यातच गेला, कारण एकाच आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) 24 तासांत 6 हून अधिक खाती उघडता येत नाहीत, आणि सातव्या व्यक्तीच्या पडद्यावर नकाराचा संदेश झळकेपर्यंत हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. या वेळी खाती घरूनच उघडून यावे असे सांगावे, की ही मर्यादा शिथिल करण्याची विनंती आधीच करून ठेवावी?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नवख्यांना थेट नवा लेख लिहायला लावणे मला पटत नाही. तो उल्लेखनीयतेच्या (विषय स्वतंत्र लेखाइतका दखलपात्र आहे का, या) निकषावर वगळला गेला, तर माणूस पुन्हा फिरकत नाही. त्याऐवजी धूळपाटीवर (विकिपीडियावरील सरावाच्या पानावर) थोडा सराव करून घ्यावा आणि मग कपाटातले पुस्तक हाती देऊन, अस्तित्वात असलेल्या लेखातील एखाद्या विनासंदर्भ वाक्याला पृष्ठक्रमांकासह संदर्भ जोडायला सांगावे, असा माझा विचार आहे. मात्र पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचा मोह अनेकांना होतो (ग्रंथालयात तर जास्तच!). प्रताधिकाराची (कॉपीराइटची) ही बाब धाक न घालता कशी समजावता? एका मार्गदर्शकामागे किती जण झेपतात, हेही कृपया कळवावे.