मरताना दुखतं का? बाबांसाठी विचारते आहे

दारव्ह्याची लेक:
बाबांना जबड्याचा कॅन्सर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच सेवा करा म्हणून सांगितलं. परवापासून अन्न बंद, डोळे मिटूनच असतात. श्वास मधेच थांबतो, मग भरभर चालतो. काल रात्रीपासून घरघर लागली आहे. माय म्हणते, जीव कशात तरी अडकला. शेजारच्या काकू म्हणतात, दूध पाजा, उपाशी जाऊ देऊ नका. आतून त्यांना काय होत असेल? खरं सांगा.

निवृत्त सिस्टर, आर्वी:
पोरी, दूध पाजू नकोस. गिळण्याची ताकद गेलेली असते, ते श्वासनलिकेत जातं आणि ठसक्याने माणूस हैराण होतो. शेवटी शेवटी भूक-तहान आपोआप मंदावते. तोंड मात्र कोरडं पडतं, त्याचा त्रास होतो. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसत जा, ओठांना थोडं तूप लाव.

घरघर म्हणजे घशात साचलेली लाळ आणि कफ. खोकून काढता येत नाही, म्हणून श्वासाबरोबर आवाज येतो. ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं, पण इतक्या गुंगीत बहुतेकांना ते जाणवत नाही. कुशीवर वळव, आवाज कमी होईल. श्वास थांबून पुन्हा सुरू होणंही शेवटच्या काळात होतंच. जीव अडकलेला नाही, मायला सांग.

सगळ्यांचं मरण बिनदुखण्याचं असतं असं मी म्हणणार नाही. कॅन्सर दुखतो. वळवताना कपाळाकडे बघ. आठ्या पडल्या, कण्हले, मूठ आवळली, तर दुखतंय. चेहरा सैल असेल तर बरेचसे शांत आहेत.

सेलूकर:
ताई, आमच्या वर्धा जिल्ह्यात पवनारला विनोबांनी 1982 साली अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांनी ते ठरवून केलं होतं, बाबांचं शरीर आपणहून नको म्हणतंय. उपाशी मारल्याचा दोष मनाला लावून घेऊ नका. आणि बोलत राहा त्यांच्याशी. कॅनडात झालेल्या, 2020 साली छापून आलेल्या एका अभ्यासात, शेवटच्या घटकेला प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजाची दखल घेताना दिसला होता.

दारव्ह्याची लेक:
सिस्टर, वळवलं की कण्हतात, कपाळ आक्रसतं. मॉर्फीनच्या गोळ्या आहेत, पण गिळवत नाहीत म्हणून परवापासून बंद केल्या. भाऊ म्हणतो, त्यानेच जीव जाईल.

निवृत्त सिस्टर, आर्वी:
योग्य मात्रेतल्या मॉर्फीनने जीव जात नाही, दुखणं मात्र कमी होतं. आत्ताच नागपूरच्या डॉक्टरांना फोन लाव आणि गोळी गिळवत नाही हे आधी सांग. कातडीखाली द्यायचं इंजेक्शन असतं, ते गावात कोण देऊ शकेल ते विचार. तिकडून दाद लागली नाही तर भावाला कागद घेऊन यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात पाठव, 'पॅलिएटिव्ह' म्हणजे दुखणं कमी करणारी सेवा, त्याबद्दल विचारायला सांग. सकाळची वाट बघू नकोस.