मदत हवी आहे: घरच्या हापूसची थेट विक्री, पुढच्या हंगामाआधी बुकिंगच्या अटी कशा ठरवाव्यात?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. बाबा इतकी वर्षं पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे पाठवत आले. पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत भाव काय लागला ते कळायचं नाही. त्यातून भाडं, हमाली वजा जाऊन उरेल ते आपलं. म्हणून मी आणि भावाने गेल्या हंगामात व्हॉट्सअ‍ॅप आणि एका साध्या वेबसाइटवरून पुणे, नाशिक, बंगळुरू इथे घरपोच आंबा द्यायला सुरुवात केली. मागणी चांगली आली, कौतुकही झालं. पण हंगाम संपल्यावर हिशेब मांडला तर जास्तीचे सुटलेले बरेचसे पैसे परताव्यात आणि कुरियरमध्ये गेलेले दिसले. बाबा म्हणतात, सरळ वाशीला घाला. मला थेट विक्री सोडायची नाही, पण त्यांना पटेल असं काहीतरी ठरवून दाखवायला हवं. म्हणून जे चुकलं ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा घोळ बुकिंगचा. जानेवारीत मोहोर भरगच्च होता. तो बघून आम्ही पूर्ण पैसे घेऊन नोंदणी सुरू केली आणि ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचेल’ असं लिहून टाकलं. पुढे थंडी लांबली, त्याच फांद्यांना पुन्हा मोहोर फुटला आणि आधी धरलेली सुपारीएवढी फळं गळून गेली. बागायतदारांना हे नवीन नाही, पण पुण्याच्या ग्राहकाला पुनर्मोहोर म्हणजे काय हे एप्रिलमध्ये फोनवर समजावून सांगणं फार अवघड जातं. त्याच्या दृष्टीने त्याने पैसे दिले, सणाला आंबा आला नाही. पैसे परत मागणाऱ्यांना आम्ही लगेच दिले. जे थांबले त्यांना मे महिन्यात उत्तम फळ गेलं, पण तोवर बाजार उतरला होता. मग ‘आमच्याकडून मार्चचा भाव का घेतला’ हा प्रश्न आला, आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

दुसरं साक्याचं. वरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट, आंबूस गर. बाहेरून ओळखता येत नाही हे आपल्याला माहीत असतं, ग्राहकाला नसतं. कुणी एका फळाचा फोटो पाठवून अख्ख्या पेटीचे पैसे मागितले, कुणी काही न बोलता नातेवाइकांत नाव खराब केलं. प्रत्येकाला आम्ही वेगळा न्याय लावला, ते मला आता चुकीचं वाटतं.

कुरियरबद्दल तर काय सांगू. उन्हाळ्यात बंद गाडीत पेटी एक दिवस जास्त राहिली की खालचा थर गेलाच. शिवाय बिल आमच्या अंदाजापेक्षा कायम जास्त यायचं.

प्रश्न असे: आगाऊ पैसे किती आणि कधी घ्यावेत? साक्याची भरपाई कोणत्या नियमाने द्यावी? आणि लांबच्या गावांना माल पाठवावा का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, आम्ही देवगडकडचे. थेट विक्री बरीच वर्षं करतो. पहिली गोष्ट, मोहोर बघून पैसे घेऊ नका. मोहोर म्हणजे फळ नव्हे. फुलकिडे, तुडतुडे, करपा, अवकाळी पाऊस, आणि तुम्ही म्हणता तो पुनर्मोहोर, एवढ्या सगळ्यांतून वाचेल ते फळ. आम्ही जानेवारीत फक्त नावं लिहून घेतो, पैसे नाही. फळ अंड्याएवढं झालं की झाडावरचा अंदाज बांधता येतो. तेव्हा थोडी रक्कम आगाऊ घेतो आणि तीही अंदाजाच्या निम्म्या मालापुरतीच. उरलेली रक्कम पेटी भरायच्या दिवशी, पेटीचा फोटो पाठवून.

तारीख कुणालाच देत नाही. ‘फळ तयार झाल्यावर, नोंदणीच्या क्रमाने’ एवढंच लिहितो. सणासाठीच हवा असणाऱ्याला आधीच सांगतो की खात्री नाही, दुसरीकडे बघा. तो नाराज होतो, पण पुढच्या वर्षी परत येतो.

भावाचंही तसंच. एकच भाव धरलात म्हणून भांडण झालं. मार्चअखेरचा, एप्रिलचा आणि मेचा असे वेगळे भाव आधीच जाहीर करा आणि पेटी ज्या काळात जाईल त्या काळाचा भाव लावा. बाबांना वाशीची सवय आहे, तिथे भाव रोज हलतो. हा हिशेब त्यांना लगेच पटेल.

प्रतिसाद

साक्याबद्दल लिहितो. मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलोय.

साका हा रोग नाही, फवारणीने जात नाही. फळ झाडावर फार तयार होऊ दिलं आणि जमिनीची धग लागली की तो वाढतो. म्हणून ८५ टक्के पक्वतेला काढणी करा. देठाजवळ खांदे भरलेले आणि साल हिरवी असतानाच. ‘झाडावर पिकलेला’ अशी जाहिरात हापूसच्या बाबतीत करूच नये, साक्याला ते आमंत्रण आहे. काढणी सकाळी, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने), देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि तिथूनच देठकूज सुरू होते. काढलेलं फळ उन्हात ठेवू नका, क्रेट लगेच सावलीत न्या. कलमांच्या बुंध्याशी गवताचं, पाल्याचं आच्छादन घातलंत तर धग कमी लागते. कोवळं फळ ओळखायला पाण्यात सोडून बघा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं.

एवढं करूनही साक्याची काही फळं निघणारच. म्हणून ‘नैसर्गिक दोष, बाहेरून दिसत नाही’ हे विक्रीच्या पानावरच लिहा आणि भरपाई फळाच्या हिशेबाने द्या, पेटीच्या नाही. कापलेल्या फळाचा फोटो आला की त्या फळाचे पैसे परत, वाद न घालता. नवीन कलमं लावणार असाल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ या जातीचा विचार करा, त्यात साका होत नाही. चव हापूसची नाही, हे मात्र ग्राहकाला आधी सांगा.

प्रतिसाद

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते, राहते बंगळुरूला. गेल्या वर्षी एका बागेतून (तुमच्या नाही) पेटी मागवली होती. आंबे हिरवे आले, घरात जागा नव्हती म्हणून निम्मे फ्रिजमध्ये ठेवले. ते कधी पिकलेच नाहीत, साल काळपट पडली, गर फिका राहिला. मी बागवाल्यांना खूप बोलले. नंतर आईने सांगितलं की कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो, साधारण १२-१३ अंशांखाली त्याला थंडी बाधते.

पेटीत एक कागद असता तर हे झालं नसतं. पेटी आली की उघडा, वर्तमानपत्रावर किंवा पेंढ्यात एक थर पसरा, रोज हात लावून बघा, पिकलेला आधी खा, फ्रिजमध्ये फक्त पूर्ण पिकलेला आणि तोही एक-दोन दिवसच. एवढं मोठ्या अक्षरात लिहा. शहरातल्या निम्म्या घरांत आढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालणं, हेच माहीत नाही. तुमच्या तक्रारींमधल्या काही यातूनच आल्या असतील असं मला वाटतं.

प्रतिसाद

कुरियरचं बिल का फुगतं ते सांगतो. ते वजन आणि आकारमान यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि साधारणपणे ५००० ने भागा. तुमची डझनाची पेटी ४० बाय ३० बाय १५ ची असेल तर ३.६ किलो होतात. २५० ग्रॅमचे बारा आंबे म्हणजे ३ किलो. बिल मात्र ४ किलोचं येतं, कारण पुढच्या किलोला धरतात. दर ठरवताना हे धरलं नाही तर प्रत्येक पेटीमागे तोटा. पुठ्ठ्याची पेटी नेमक्या मापाची करून घ्या, बाजूला हवेसाठी भोकं ठेवा.

पुणे, मुंबईला मात्र कुरियर कशाला? संध्याकाळच्या खाजगी बसने पेट्या टाका, सकाळी शहरात. तिथे एखाद्या ओळखीच्या घरी किंवा सोसायटीत एकत्र उतरवा आणि तिथून वाटा. लांबच्या गावांना हिरवंच फळ पाठवा, तेही दोन दिवसांत नक्की पोचणार असेल तरच.

पेटी पोचल्यावर पैसे घेण्याची सोय आंब्याला ठेवूच नका. ग्राहकाने पेटी नाकारली की ती परत येईपर्यंत सडते. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून पेटी सोडू नका, बँकेत जमा झालेले बघा. ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारे हंगामात हमखास येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. वेगवेगळ्या काळाचे वेगळे भाव ही गोष्ट त्यांना लगेच पटली. म्हणाले, हे तर आम्ही करतच आलो. अटींचा मसुदा असा केलाय, बघून सांगा:

‘नोंदणी विनामूल्य. आगाऊ रक्कम फळ धरल्याची खात्री झाल्यावर. पेटी फळ तयार होईल तशी, नोंदणीच्या क्रमाने. ठरावीक तारखेची हमी नाही. भाव पेटी निघेल त्या काळाचा. पेटी निघेपर्यंत नोंदणी रद्द करता येईल, आगाऊ रक्कम पूर्ण परत. साका किंवा कूज निघाल्यास पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत फोटो पाठवावा, त्या फळाचे पैसे परत.’

दहा दिवस अशासाठी की हिरवं फळ पिकायलाच आठवडा लागतो, आणि साका कापल्याशिवाय कळत नाही.

एकच शंका राहिली. मागणी जास्त आली तर शेजारच्या बागेतला माल घेऊन आमच्या नावाने द्यावा का?

प्रतिसाद

घेऊ शकता, पण दोन गोष्टी बघा. स्वतःच्या बागेतलं फळ विकणारा शेतकरी अन्नसुरक्षा कायद्याच्या बाहेर राहतो. दुसऱ्याचं विकत घेऊन विकलंत की तो व्यापार, मग एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. ताज्या फळावर जीएसटी नाही, पण उद्या आंबापोळी किंवा डबाबंद रस विकायला घेतलात तर तो हिशेब वेगळा, सीएला विचारा. दुसरं, २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला. ते चिन्ह पेटीवर छापायचं असेल तर तुमची आणि शेजाऱ्यांची, दोघांचीही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आणि शेजाऱ्यांच्या पेटीवर त्यांच्याच बागेचं नाव टाका. तक्रार आली तर कुणाच्या कलमांचं फळ होतं ते तुम्हालाही कळेल, ग्राहकालाही.

मसुद्यात एक भर घाला: पत्ता चुकीचा दिला किंवा घरी कुणी नसल्यामुळे पेटी पडून राहिली तर भरपाई नाही. हे राहिलंय.